शिदू कांबळे यांचा हात

माझी मुलगी नीता नाशिकला असते. मागे एकदा नाताळच्या सुट्टीत ती आणि जावई मुलांना घेऊन तिथल्या एका द्राक्षमळ्यात गेले होते. त्या मळ्यात वाइन करतात. मोठमोठी पिंपं बघायची, तिथला माणूस सांगेल ते ऐकायचं, मोठ्यांनी पेल्यातून घोटभर चाखायची आणि पोरांनी द्राक्षांचा रस प्यायचा, असा तो दिवस. संध्याकाळी तिचा फोन आला.

"बाबा, तो माणूस पेला नाकाशी धरून डोळे मिटून उभा राहिला ना, तेव्हा मला एकदम शिदूमामा आठवले. गुऱ्हाळातले." मग म्हणाली, "त्या दिवशी त्यांचा गूळ का बसला नव्हता हो?"

मी म्हणालो, दारात कुणीतरी आलंय, नंतर बोलू. दारात कुणी नव्हतं.

गूळ का बसला नाही हे मला माहीत आहे. त्या भागात अजूनही म्हणतात की शिदू गुळव्याचा हात गेला आणि म्हणून त्यानं काम सोडलं. हे खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे जाणणारा मी एकटा उरलो आहे, असं मी कालपर्यंत धरून चाललो होतो. ते मी इथं लिहिणार आहे. पण आधी शिदू कांबळे कोण होते ते सांगायला हवं. नाहीतर माझीच चूक मोठी होऊन बसेल आणि ते पुन्हा कोपऱ्यात राहतील.

आणखी एक. मी त्यांना इथं अहो-जाहो करतो आहे. तेव्हा करत नव्हतो. ते माझ्याहून दहा वर्षांनी मोठे होते, तरी मी "काय शिदू, बरं हाय का?" असं म्हणायचो आणि ते मला "या पावणं" म्हणायचे.

गडमुडशिंगीच्या पुढे, रस्त्यापासून आत, अण्णांचं गुऱ्हाळ होतं. अण्णा म्हणजे जुने जैन शेतकरी. मी पाटबंधारे खात्यात कारकून. त्यांच्या विहिरीच्या कुठल्याशा कागदावरून ओळख झाली आणि वाढली. नव्वदच्या आसपास मी पहिल्यांदा मुलांना तिथं घेऊन गेलो. पुढं दरवर्षी नाताळच्या सुट्टीत हिचा भाऊ पुण्याहून बायकामुलांसह यायचा आणि आम्ही सगळे एक दिवस गुऱ्हाळात घालवायचो. कोल्हापुरातल्या पुष्कळ घरांचा तोच रिवाज होता. डब्यात भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी घ्यायची, पोरांना जुने कपडे घालायचे आणि दिवसभर रस, काकवी, गरम गूळ. परतताना सगळ्यांचे हात चिकट आणि पोटं तट्ट.

गुऱ्हाळाच्या तोंडाशी एक कडुनिंब होता. त्या निंबाखाली शिदूमामा उभे असायचे. अंगात बंडी, गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला गुंडाळलेला पंचा. ते पोरांची रांग लावायचे.

"खिसं दावा."

डिसेंबर म्हणजे बोरांचे दिवस. कुणाच्या खिशात बोरं, कुणाच्या चिंचा, एखादीच्या फ्रॉकच्या खिशात अर्धा खाल्लेला आवळा. शिदूमामा सगळं काढून निंबाच्या ढोलीत ठेवायचे. "जाताना न्या. आंबट बाहीर. आंबटाचा वास जरी लागला तरी गूळ रुसतोय. मग त्येची समजूत काढायला तुझा बा येणार हाय व्हय?"

पोरं हसायची. एका वर्षी माझ्या मेहुण्याच्या मुलानं उलटून विचारलं, "मग बाबांचे खिसे का नाही बघत?"

"पावण्यांचं खिसं बघत न्हाईत," शिदूमामा म्हणाले. "मोठी माणसं हाईत ती. त्यास्नी कळतंय."

रसात लिंबू पिळून प्यायचं असेल तर ते निंबाच्या अलीकडच्या कट्ट्यावर. पलीकडे लिंबाची साल दिसलेली त्यांना चालायची नाही. दरवर्षी गाडीतून उतरतानाच मी पोरांना हा नियम पढवायचो. तो मला तोंडपाठ होता, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

अण्णांचाही एक नियम होता. रस जमिनीवर सांडायचा नाही. सांडला की मुंग्या येतात आणि मग त्या माणसांच्या पायाखाली मरतात. अण्णा घाण्यातून येणारा रस दुहेरी कापडातून गाळून घ्यायचे, कापडावर आलेली मुंगी चिमटीत धरून गवतात सोडायचे. कुणी पोरानं पेल्यातला रस ओतून दिला तर रागवायचे नाहीत, पण जेवढा वेळ त्या डागाकडं बघत राहायचे तेवढा वेळ आपल्याला मान वर करता यायची नाही.

गुळव्याचं काम म्हणजे काय, ते मला कळायला दोन-तीन वर्षं लागली. चुलवाणावर भली मोठी काहील, तिच्यात रस उकळत असतो. एका वेळी काहिलीत चढतो तेवढ्या रसाला आधण म्हणतात. सुरुवातीला भेंडीच्या खोडाचा चिकट रस घालून मळी वर आणायची, ती काढायची, मग आटवत न्यायचं. हे सगळं कुणीही शिकेल. पण शेवटी एक क्षण येतो. त्याच्या आधी काहील उतरवली तर गूळ बसत नाही, नंतर उतरवली तर करपतो. तो क्षण ओळखणारा तो गुळव्या. शिदूमामा तो कानानं ओळखायचे.

काहिलीकडं पाठ करून बसायचे. डोळे मिटलेले. ते काहिलीला म्हातारी म्हणत. "ऐका, म्हातारी आता बडबडती हाय. सुना-नातवंडांची गाऱ्हाणी सांगती हाय. तिला बोलू द्या." पोरांना तोंडावर हात ठेवून बसावं लागायचं. उकळीचा आवाज हळूहळू जाड व्हायचा, बुडबुडे फुटताना धप धप असे सावकाश फुटायचे. "आता दमली." आणि मग, आम्हाला काही फरक कळायच्या आत, ते उठलेले असायचे. हात गार पाण्यात बुडवून तसाच काहिलीत घालायचे, चिमूटभर पाक घेऊन पाण्यात गोळी वळायचे आणि ती परातीच्या काठावर मारायचे. टण्. मग गडी काहील उतरवून वाफ्यात, म्हणजे पाक निववायच्या उथळ हौदात, ओतायचे. ती गोळी म्हणजे आमच्यासाठी होती, त्यांना तिची गरज नव्हती. मी त्यांना गोळी बसली नाही म्हणून परत जाळ घालायला सांगताना इतक्या वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. बसली का, असं कुणाला विचारतानाही नाही.

त्या हाताची बोटं टोकाशी गुळगुळीत झाली होती. पण कुठल्याही कागदावर ते अंगठा लावायचे नाहीत. चौथीपर्यंत शिकलेले. "सही करायची. बाबासाहेबांनी सांगितलंया," म्हणायचे. पहिल्या आधणातला गूळ नारळाच्या करवंट्यांत घालून प्रत्येक पोराला एकेक ढेप द्यायचे आणि ती ओली असतानाच बाभळीच्या काट्यानं तिच्यावर त्या पोराचं पहिलं अक्षर काढायचे. नीताचा 'नी' काढताना वेलांटी फार झोकात द्यायचे. ती ढेप पोरगी महिनाभर खायची नाही.

स्वतः मात्र चहा बिनसाखरेचा, बिनगुळाचा प्यायचे. "दिसभर गोडातच बुडल्यालो असतोय. च्या तरी कडू असू दे."

मेहुणा एका वर्षी कंपनीच्या कामानं फ्रान्सला जाऊन आला होता. तो कट्ट्यावर बसून सांगत होता की तिकडे लोक सुट्टीत बायकापोरं घेऊन द्राक्षांच्या मळ्यांत जातात. तिथं वाइन करणारा म्हातारा सगळ्यांना चाखायला देतो. कुठल्या उतारावरचं द्राक्ष, कुठल्या सालची वाइन, हे नुसत्या वासावरून सांगतो. त्याला फार मान असतो.

शिदूमामा मन लावून ऐकत होते. "म्हंजे दारूच की."

"दारू नाही हो, वाइन."

"चढती का न्हाय?"

"चढते थोडी."

"मग ती चढून मोठी माणसं गप पडल्यावर पोरं काय करत्यात?"

आम्ही सगळे हसलो. मेहुणाही हसला. शिदूमामा मात्र थोड्या वेळानं परत आले आणि हळूच त्याला म्हणाले, "त्यो म्हातारा खरंच वासावरनं सांगतोय? मग हाय गड्यात दम." नंतर बराच वेळ ते स्वतःशी मान हलवत होते. जगाच्या दुसऱ्या टोकाला आपल्यासारखं कुणीतरी आहे, हे त्यांना आवडलं असावं.

मग गूळ उजळ करणारी रासायनिक पावडर आली. ती घातली की गूळ बिस्किटासारखा पिवळा धमक होतो. बाजारात त्या रंगाला मागणी वाढली. शिदूमामांचा गूळ तांबूस असायचा. अण्णांचा मुलगा सुकुमार शिकून गावी परत आला होता आणि त्याचं म्हणणं होतं की पावडर वापरायची, तशी वापरणारा दुसरा गुळव्या आणायचा. शिदूमामा पावडरीला हात लावत नव्हते. "लेकराच्या तोंडात घालायचं हाय ते. भिंतीला लावायचं न्हाय."

अण्णा दोघांच्या मध्ये. शेवटी त्यांनी असं ठरवलं की बाहेरून एक व्यापारी बोलवायचा, त्याच्या डोळ्यांदेखत बिनपावडरीचं आधण काढायचं आणि त्याला पसंत पडलं तर आपल्या गुऱ्हाळात पावडर यायची नाही. तो दिवस नेमका आमच्या सहलीचा निघाला. शतक संपत आलं होतं, नीता दहा वर्षांची होती. मी अण्णांना म्हणालो, मग आम्ही पुढच्या आठवड्यात येतो. शिदूमामाच म्हणाले, "येऊ द्या की. पोरं असली की म्हातारी ग्वाड बोलती."

सकाळचं पहिलं आधण नेहमीसारखं उतरलं. करवंट्या भरल्या, अक्षरं काढून झाली. दुसरं आधण दुपारी, व्यापारी आल्यावर. त्यासाठी घाण्याचा रस टाकीत साठत होता.

त्या वर्षी आमच्याबरोबर मेहुण्याचे शेजारीही होते, मिळून वीसेक माणसं. मी कट्ट्यावर दुधाचा एक कॅन भरून रस घेतला आणि त्यात लिंबं पिळली. लिंबं कमी पडली, म्हणून मेहुण्याच्या बायकोनं आणलेल्या लिंबूसत्त्वाची पुडी होती ती सगळी त्यात टाकली. रस फार आंबट झाला. पोरं गरम गुळानं आधीच भरली होती. निम्म्याहून जास्त कॅन तसाच राहिला.

आता त्याचं करायचं काय? जमिनीवर ओतायचा नाही. अण्णा दहा पावलांवर, व्यापाऱ्याची वाट बघत खुर्चीवर बसलेले. त्यांनी मागितला तेवढा रस दिलेला, आणि मी तो असा नासवून ठेवलेला. उसाच्या गाडीच्या बैलांपुढे ठेवता आला असता, हे मला घरी गेल्यावर सुचलं. शिदूमामा त्या वेळी निंबाखाली भाकरी खायला बसले होते. मी कॅन उचलला, झाकण लावलं, निंबाच्या पलीकडे गेलो आणि तो टाकीत ओतला. एवढ्या मोठ्या टाकीत एवढंसं काय, असं म्हणालो मनात. मालकाचा नियम पाळला आणि गुळव्याचा मोडला. तसं करताना माझा हात अडखळलासुद्धा नाही.

मागे वळलो तर नीता उभी होती.

व्यापारी आला. काहील चढली. शिदूमामा पाठ करून बसले, डोळे मिटले. पोरांनी तोंडावर हात ठेवले. म्हातारी बडबडली, मग दमली. ते उठले, गोळी वळली, परातीवर मारली.

आवाज आला नाही. गोळी काठावर पसरली.

त्यांनी ती बोटानं पुसली आणि पुन्हा बसले. जाळ वाढवायला सांगितला. पुन्हा उठले, पुन्हा गोळी. पुन्हा पसरली. तिसऱ्यांदा ते काहिलीकडं तोंड करून उभे राहिले. त्यांना तसं उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. करपल्याचा वास यायला लागल्यावर त्यांनी काहील उतरवायला लावली. वाफ्यात ओतलेला पाक त्यांनी स्वतः घोटला, कितीतरी वेळ घोटला. तो चिखलासारखा काळसर आणि ढिला राहिला. त्यांनी बोटभर चाखला, तोंड जरा वाकडं केलं, पण जळकट चवीखाली काय होतं ते त्यांना लागलं नसावं.

व्यापारी घड्याळ बघून निघून गेला. सुकुमार वाईट नव्हता. तो एवढंच म्हणाला, "मामा, वय झालं आता. कुणाचंबी होतंय."

शिदूमामा वाफ्याकडं बघत म्हणाले, "ऊस त्योच. पाणी तेच. भेंडी तीच." आणि मग उजवा हात वर धरून, आपला नसल्यासारखा त्याच्याकडं बघत म्हणाले, "मग ह्योच की."

तेवढं एक वाक्य बोलायचं होतं. "मी कॅन ओतला." चार शब्दसुद्धा नव्हते. पण समोर अण्णा होते, मेहुणा होता, त्याचे शेजारी होते. नीता माझा सदरा ओढत होती. "बाबा, तुम्ही मघाशी तो रस..."

"गाडीत बस जा," मी म्हणालो.

ती गेली. शिदूमामांनी डोक्याचा पंचा सोडला, हात पुसले, घोटायचं खुरपं धुऊन काहिलीला टेकवून ठेवलं. अण्णा म्हणाले, "शिदू, उद्या परत काढू की." ते म्हणाले, "न्हाय अण्णा. आता माझं मलाच पटायचं न्हाय." निंबापाशी थांबून त्यांनी ढोलीतली बोरं आणि चिंचा काढल्या आणि आठवणीनं ज्याची त्याला दिल्या. नीताच्या हातावर बोरं ठेवताना म्हणाले, "बाय, पुढल्या वक्ताला लवकर ये."

पुढल्या वर्षी आम्ही गेलो नाही. मी मुलांना म्हणालो, आता तिथं पावडरीचा गूळ करतात. ते खरंही होतं. त्याऐवजी आम्ही पोहण्याचा तलाव असलेल्या एका रिसॉर्टवर गेलो. आसपासच्या कुठल्याच गुऱ्हाळानं शिदूमामांना बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी ते गेले नसते. वारणानगरला त्यांचा मुलगा कामाला होता, त्याच्याकडे गेले असं अण्णांकडून कळलं. अण्णा म्हणाले, "हात गेला बघा त्याचा. एका दिवसात गेला." मी मान डोलावली.

सहा-सात वर्षांनी ऑफिसच्या कामासाठी मी वारणानगरला गेलो होतो. काम लवकर उरकलं. कामगारांच्या वसाहतीत कांबळ्यांचं घर विचारत गेलो, ते मात्र कामासाठी नव्हे. सांगून टाकायचं असं ठरवून गेलो होतो.

एप्रिल महिना होता, जयंती दोन दिवसांवर आलेली. वसाहतीत निळ्या पताका लागत होत्या. एका घरासमोरच्या मांडवात विटांच्या चुलीवर कढई होती आणि शिदूमामा तिच्यापुढे बसले होते. पोरांना वाटायला चुरमुऱ्याचे लाडू करत होते. फार वाळले होते. पण पंचा तसाच गुंडाळलेला.

"शिदू," मी म्हणालो. तेव्हाही शिदूच.

त्यांनी वर पाहिलं आणि चेहरा उजळला. "पावणं! आवं बसा की. पोरं कशी हाईत? ती नीता? मोठी झाली आसंल."

मी म्हणालो ती कॉलेजात आहे. त्यांनी सुनेला हाक मारून चहा सांगितला. "पावण्यांच्या च्यात साखर घाल गं. माझ्यात नगं." मग कढईत उलथनं फिरवत राहिले. गूळ बाजारचा होता, पिवळा धमक.

मी म्हणालो, "शिदू, त्या दिवशीचं ते आधण..."

"ते सोडा पावणं," ते लगेच म्हणाले. "हात हाय. कवातरी दगा देतोयच. तुमच्या पोरांसमोर दिला, तेवढं वंगाळ वाटतंय बघा."

त्यांनी मला बोलू दिलं नाही, असं मी नंतर बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. तसं नव्हतं. त्यांनी थांबवल्यावर मला जी सुटका वाटली ती मला अजून आठवते. मी चहा घेतला. दोन वर्षांनी ते वारले, हेही मला अण्णांकडूनच कळलं.

तर आता ते वाक्य. त्या दिवशी टाकीत आंबट रस मी ओतला. त्या रसाचा गूळ जगातल्या कुठल्याही गुळव्याला बसवता आला नसता. शिदू कांबळे यांचा हात गेला नव्हता. नीताला मी काल फोन करून हे सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला माहीत होतं, बाबा. तुम्ही सांगाल का, तेवढंच बघायचं होतं."

वारणानगरला त्या मांडवात माझा चहा संपला तेव्हा कढईतला पाक दाट झाला होता. शिदूमामांनी हात पाण्यात बुडवला, चिमूटभर पाक घेतला, वाटीतल्या पाण्यात गोळी वळली. ती त्यांनी परातीवर मारली नाही. गोळी वाटीतच ठेवून वाटी माझ्यापुढं केली.

"बघा की पावणं, बसली का?"

मी बोटांनी दाबून पाहिली. गोळी खड्यासारखी झाली होती.

"बसली," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी मान डोलावली, पण कढई उतरवली नाही. मी उठलो, निघालो, मांडवाच्या टोकाशी जाऊन वळून पाहिलं. पताका चिकटवणाऱ्या एका लहान मुलीला त्यांनी जवळ बोलावलं होतं. वाटी तिच्या कानाजवळ धरून ते गोळी काठावर हलकेच मारत होते, आणि तिच्या तोंडाकडं बघत विचारत होते, "ऐक गं बाय. वाजती का?"